जीवो जीवस्य कुंपणम्

मराठी माणसाने कुंपणावर जेवढा पैसा खर्च केला असेल, त्याहून जास्त कुंपणाच्या खटल्यांवर केला असेल. बांध वीतभर इकडे की तिकडे, एवढ्या मुद्द्यावर आजोबा दावा लावतात, वडील तारखा घेतात आणि नातू वैतागून स्वतःच वकील होतो. शहरात आल्यावर बांध सुटला, वृत्ती सुटली नाही. कंपाउंडची भिंत आली, भिंतीवर काचा आल्या, काचांवर काटेरी तार आली आणि फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी आली. कुत्रा परवडेपर्यंत पाटीवर भागवायचं. अशा परंपरेत वाढलेली, पेन्शन घेणारी, एरवी शहाणीसुरती माणसं एक दिवस असं कुंपण लावायला घेतात की ज्याचा जाहीर उद्देशच ‘कोणीही आत यावं’ हा असतो. पुण्यात टेकड्यांच्या पायथ्याशी हल्ली ही लागण जोरात आहे. आमच्या सोसायटीलाही ती झाली. मी या मंडळींत आहे, म्हणजे पाणी घालतो आणि बघतो. बघणं जास्त.

आमच्या सोसायटीला तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या, टेकडीकडच्या बाजूला तारेची जाळी आहे. जाळीला लागून गोल्डन ड्युरांटाची रांग होती. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत ती ‘हिरवागार निसर्ग’ या सदराखाली छापलेली होती. माळी ती इतकी काटेकोर कापायचा की तिच्यावर चहाचा कप ठेवला तर कलंडत नसे. लोक ठेवायचेही. सतत कापल्यामुळे तिला फूल येत नसे, फूल नाही म्हणून फळ नाही, आणि आतल्या फांद्यांची जाळी इतकी घट्ट की एखाद्या पाखराला घरटं करावंसं वाटलंच तर आधी ड्रिल मशीन लागलं असतं. दिसायला मात्र फार शिस्तशीर. सोसायटीत शिस्त पाळणारी तेवढी एकच गोष्ट होती.

आमच्याकडे वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात. त्यांना सगळे बाई म्हणतात, चेअरमनसुद्धा. वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ आले, बहुतेकांची मनं बटाटेवड्यांकडे गेली, आणि नेमक्या त्या वेळी बाईंनी विषय मांडला की ही रांग काढून तिथे आपल्या मातीतली झुडपं लावावीत, म्हणजे टेकडीवरचे पक्षी, फुलपाखरं, सरडे, मुंगसं यांना आडोसा मिळेल.

“साप येतील का?” बी विंगमधून प्रश्न आला.

“येतील,” बाई म्हणाल्या. जन्मभर तोंडी परीक्षा घेतल्यामुळे त्यांना खरं बोलायची सवय आहे.

सभेत शांतता पसरली. वडे गार होऊ लागले. तेव्हा खजिनदारांनी चष्मा पुसत विचारलं, “साप आले तर उंदीर कमी होतील का?”

“होतील. धामण उंदीर खाते.”

“पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार केवढ्याचा आहे आपला?”

आकडा निघाला आणि ठराव एकमताने संमत झाला. निसर्गप्रेमाला आकड्याची जोड मिळाली की ते बळकट होतं. फक्त एक दुरुस्ती सुचवण्यात आली आणि ती इतिवृत्तात अजून आहे: ‘येणारे साप शक्यतो बिनविषारी असावेत.’

मग देशी झुडपं शोधायला मंडळी नर्सरीत गेली. नर्सरीवाल्याने आनंदाने ड्युरांटाच दाखवला.

“हा देशी नाही,” बाई म्हणाल्या. “अमेरिकेतला आहे.”

“नाही हो बाई, देशीच आहे. वीस वर्षं मीच विकतोय.”

इथून पुढे आमच्या गटात एक वेगळाच छंद जडला. पुण्यात नव्या माणसाला पाचव्या मिनिटाला ‘मूळचे कुठले?’ असं विचारतात. आता तेच झाडांना विचारलं जाऊ लागलं, आणि उत्तरं धक्कादायक निघाली. टेकड्यांवर वनखात्याने हौसेने लावलेलं गिरिपुष्प: मूळचं मध्य अमेरिकेचं. सुबाभूळ: तिकडचीच. गावाच्या वेशीवर पूर्वजांसारखा ठाण मांडून बसलेला फड्या निवडुंग: तोही अमेरिकेचा. आणि ज्या घाणेरीला सगळे ‘आपल्या रानातली’ समजत होते, तिला तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहेबाने बागेची शोभा आणि कुंपण म्हणून मुद्दाम आणलं होतं. कुंपण म्हणून आलेली बाई कुंपण ओलांडून गेली, ती आज देशभरच्या जंगलांत लाखो एकरांवर पसरली आहे. एवढं यशस्वी कुंपण जगात दुसरं नसेल.

“पण घाणेरीवर फुलपाखरं दिसतात की हो!” ए विंगच्या काकांनी तिची बाजू घेतली. त्यांचा स्वभाव वकिली आहे, पेशा नव्हता.

“दिसतात ना. चहाला टपरीवर जातात,” बाई म्हणाल्या. “बाळंतपणाला माहेरीच यावं लागतं.”

यातली गोम अशी की मध प्यायला फुलपाखराला कुठलंही फूल चालतं, पण अंडी घालायला ठरावीक झाड लागतं, कारण अळीला ठरावीकच पान पचतं. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेली राणी पाकोळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. रुईवर वेगळं, कढीपत्त्यावर वेगळं, वाघाटीवर वेगळं. ड्युरांटावर सहसा कोणीही नाही. ए विंगच्या काकांनी हे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तेच सगळ्यांना सांगत फिरू लागले, चहा-बाळंतपणासकट, स्वतःचं म्हणून.

यादी ठरली. खाली करवंद, सागरगोटा, निर्गुडी, अडुळसा, काटेकोरांटी. मधूनमधून धायटी, मुरुडशेंग, हेंकळ, बोर. वर चढवायला गुळवेल आणि वाघाटी. निर्गुडी आणि अडुळसा यांना शेळी सहसा तोंड लावत नाही, करवंदाला आणि सागरगोट्याला माणूस हात लावत नाही. म्हणजे दोन्ही प्रकारच्या उपद्रवांचा विचार झाला होता.

यातलं निम्मं नर्सरीत मिळेना. मग बिया जमवण्याचं ठरलं. करवंदाची बी वाळवून ठेवली की उगवायचं नाव घेत नाही, ताजीच पेरावी लागते. आणि ताजी बी काढायची तर मे महिन्यात टेकडीवर जाऊन करवंदं खाणं ओघानेच आलं. सोसायटीच्या इतिहासात शंभर टक्के हजेरी लागलेली ही एकमेव मोहीम. गुडघे दुखतात म्हणून लिफ्टशिवाय न हलणारे चार ज्येष्ठ नागरिक सकाळी सहाला टेकडीवर ओठ जांभळे करून उभे होते. बिया किती जमल्या ते सांगण्यासारखं नाही, कारण अर्ध्या मंडळींना बी थुंकायची असते हे खाण्याच्या भरात आठवलंच नाही.

सागरगोट्याचा प्रकार उलटा. त्याची करडी, गुळगुळीत बी इतकी टणक की पाणी आत शिरत नाही, म्हणून दगडावर घासून टरफलाला ओरखडा पाडावा लागतो. हे काम सोसायटीतल्या आज्ज्यांना दिलं. त्यांच्या हाती सागरगोटे पडल्यावर जे व्हायचं तेच झालं. दोन तास झाले तरी एक बी घासली गेली नाही. क्लबहाउसच्या फरशीवर डाव मात्र रंगात आला होता आणि कोण चिडली, कोणी पाचवा खडा लपवला, यावरून साठ वर्षांपूर्वीच्या परकरातल्या भांडणांची उजळणी चालली होती. नातवंडं भोवती बसून आ वासून बघत होती. टॅब बाजूला पडले होते. शेवटी बिया घासल्या त्या वॉचमनने.

हा वॉचमन मराठवाड्यातला. सागरगोटा, हेंकळ, निर्गुडी त्याने नावानिशी ओळखली तेव्हा बाईंना कोण आनंद झाला! तो मात्र सगळं बघून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाई, ह्ये आमी जल्मभर उपटलं. तुमी पैसे दिऊन लावताय व्हय?” या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर कमिटीला अजून देता आलेलं नाही.

लागवडीचा दिवस अर्थातच सोहळा होता. जूनमधला, पहिला पाऊस होऊन गेल्यानंतरचा रविवार. बॅनर, मांडव, एक प्रमुख पाहुणे, ‘वृक्षाचे जीवनातील महत्त्व’ या विषयावर भाषण. लावायची होती झुडपं, पण पाहुण्यांचं भाषण वृक्षाचं तयार होतं आणि बदलायला वेळ नव्हता. दीड फुटावर एक, दोन रांगांत, एकाआड एक असे खड्डे आदल्या दिवशीच काढलेले. खड्डे कमी आणि माणसं जास्त, म्हणून एकेका रोपाला सात-आठ हात लागले. बाईंनी मात्र पाहुण्यांच्या हाती देण्यासाठी विचारपूर्वक करवंदाचं रोप निवडलं होतं. करवंदाचे काटे जोडीने येतात आणि फोटोसाठी थांबत नाहीत. पाहुण्यांनी रोप घेतलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि हसू व वेदना यांचं जे मिश्रण त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं, ते सोसायटीच्या नोटीसबोर्डावर वर्षभर लावलेलं होतं. काटेरी रोपांचा हा गुण कोणी लक्षात घेत नाही: पहिल्या अर्ध्या तासात हौशी आणि टिकाऊ स्वयंसेवक आपोआप वेगळे होतात. गुलमोहोर लावला असता तर कळायला तीन वर्षं गेली असती.

लावणं हा सण आहे. राखणं ही नोकरी आहे, आणि तीही बिनपगारी, रात्रपाळीसकट. ‘हरित कुंपण’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट जूनमध्ये भरभरून वाहत होता. ऑक्टोबरात त्यावर ‘आज पाणी कोण?’ असा प्रश्न आला की खाली सुप्रभातची फुलं, एक सुविचार आणि दोन जोडलेले हात येत. एप्रिलमध्ये तर प्रश्नही यायचा थांबला, कारण विचारणाऱ्यालाच पाणी घालावं लागतं हे विचारणाऱ्याच्या लक्षात आलं होतं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी दिलं तर देशी झुडूप पुढे तुमच्याकडे काही मागत नाही. पण ती दोन वर्षं काढायची कोणी? आमच्याकडे ती बाई, वॉचमन, खजिनदार आणि नववीतली एक मुलगी यांनी काढली. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी गुण हवे होते; प्रकल्प कधीच संपला, ती अजून येते. आणि खजिनदार टँकरच्या दराकडे डोळे लावून बसलेले असल्यामुळे त्यांनी खड्ड्यांवर वाळक्या पानांचा असा जाड थर अंथरला की पाणी निम्म्यावर आलं. त्यासाठी सोसायटीतला पालापाचोळा जाळणं बंद करावं लागलं. तोवर दर रविवारी सकाळी पर्यावरणाच्या नावाने एकीकडे झाडू मारला जायचा आणि दुसरीकडे त्याच पाचोळ्याचा धूर व्हायचा.

त्यात करवंद म्हणजे अत्यंत सावकाश वाढणारं. पहिल्या वर्षी लोक येऊन कंबरेवर हात ठेवून विचारत, “कुंपण कुठाय?” आपण पायाजवळ बोट दाखवायचं. ते पाय उचलून बघायचे.

तरीही पाण्यापेक्षा, शेळीपेक्षा, वणव्यापेक्षाही या कुंपणाचा मोठा शत्रू वेगळा आहे असं माझं ठाम मत झालं आहे. तो म्हणजे नीटनेटकेपणा. माणसाला झुडूप दिसलं की त्याचा हात कात्रीकडे जातो. करवंदाला तिसऱ्या वर्षी पहिली पांढरी सुवासिक फुलं आली, आणि त्याच आठवड्यात कंत्राटी माळ्याने, कोणी न सांगता, निव्वळ कर्तव्यबुद्धीने, सगळी रांग चौकोनी केली. त्याला विचारलं तर म्हणाला, “लई वाढलं व्हतं.” त्याच्या दृष्टीने त्याने रानटी पोराचे केस कापून त्याला शाळेत पाठवायच्या लायकीचं केलं होतं. फुलं गेली म्हणून करवंदं गेली, आणि करवंदांवर डोळा ठेवून रोज तारेवर येऊन बसणारी लालबुड्या बुलबुलांची जोडी दोन दिवस जे काही बोलत होती, ते भाषांतर करण्यासारखं नव्हतं.

यावर आमच्या एका सभासदाच्या भाच्याने इंग्लंडहून तोडगा सुचवला. हा मुलगा कोथरूडचा. तिकडे बँकेत कामाला आहे आणि हिवाळ्यातल्या शनिवारी चिखलात उभं राहून हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नची पेन्सिलएवढी रोपं लावायला जातो. त्याच्या आईला वाटतं की त्याची नोकरी गेली आहे आणि तो सांगत नाही. तिकडची गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धानंतर शेतं मोठी करण्यासाठी हजारो मैलांची जुनी हेज उपटून टाकली, आणि ती उपटायला सरकारने अनुदानही दिलं. आता त्याच जागी स्वयंसेवक पुन्हा लावतायत. सरकारी पैशाने काढायचं आणि फुकट श्रमाने लावायचं, हा व्यवहार वाचून आमच्या खजिनदारांना इंग्रजांबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

तर तिथे आता कायदाच आहे: शेतांच्या कडेची हेज १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात कापायची नाही, कारण आत पक्ष्यांची पिलं असतात. आम्हीही लगेच नियम केला. पण इथे बुलबुल उन्हाळ्यात घरटं करतो, शिंपी पावसाळ्यात पानं शिवतो, मुनिया त्याच्याही पुढे. म्हणजे सगळ्यांची सोय बघत गेलं तर कात्रीला वर्षातून जेमतेम दिवाळी-संक्रांत मिळते. माळ्याने नियम ऐकला आणि विचारलं, “मग मी करू काय?” बाई म्हणाल्या, “काही नाही.” तो घाबरला. आजवरच्या आयुष्यात पगार घेऊन काही करू नकोस असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ती सवलत कचेऱ्यांत असते असं तो ऐकून होता.

भाच्याने आणखी एक शास्त्र पाठवलं. मॅक्स हूपर नावाच्या शास्त्रज्ञाने तिकडे एक ढोबळ नियम बांधला होता की हेजच्या तीस यार्डांत झाडाझुडपांच्या जितक्या जाती, तितकी शतकं तिचं वय. ए विंगच्या काकांनी ताबडतोब मोजदाद केली. आमच्या कुंपणात अकरा जाती भरल्या. त्या हिशेबाने ते अकराशे वर्षांपूर्वीचं, म्हणजे राष्ट्रकूटांच्या राजवटीतलं निघालं. काकांनी तशी पाटी लावावी असं सुचवलं. पुरातत्त्व खात्याने जागा ताब्यात घेतली तर पार्किंगचं काय, असा प्रश्न आल्यावर सूचना मागे घेण्यात आली.

खरं म्हणजे कुंपणाच्या बाबतीत साहेबाने आपल्याला शिकवावं असं फारसं नाही; जगातलं सगळ्यात अचाट कुंपण त्याने आपल्याच देशात, बहुतेक आपल्याच काट्यांनी घातलं होतं. मिठावरची जकात चुकवून कोणी मीठ पलीकडे नेऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकात पंजाबात सिंधूपासून थेट ओरिसापर्यंत जकातीची रेषा आखली होती. ती आमच्या खानदेशाच्या वेशीवर, बऱ्हाणपुरापर्यंत खाली येऊन मग पूर्वेकडे वळत होती. लांबी दोन हजार मैलांहून जास्त, पहाऱ्याला बारा हजारांच्या वर माणसं, आणि तिच्या मोठ्या भागावर कुंपण: बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर. चांगलं वाढलेलं कुंपण बारा बारा फूट उंच. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे कमिशनर होते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तेच. १८८५ साली मुंबईत काँग्रेस भरली तेव्हाचे.

आणि या ह्यूमसाहेबांचा जन्माचा छंद कोणता, तर पक्षी! ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्ष्यांवरचं नियतकालिक त्यांनी १८७२ साली काढलं; हजारो पक्ष्यांचा त्यांचा संग्रह पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला. म्हणजे हिंदुस्थानातल्या सगळ्यात मोठ्या पक्षिवेड्याने हिंदुस्थानातलं सगळ्यात मोठं जिवंत कुंपण वाढवलं, आणि तेही गरिबाच्या चिमूटभर मिठासाठी. त्यात किती बुलबुल नांदले असतील याची नोंद जकात खात्याने ठेवली नाही, बहुधा बुलबुल मीठ नेत नसल्यामुळे. कुंपणाला वाळवीने, टोळधाडीने, वणव्यांनी आणि उंदरांनी सतावलं होतं. १८७९ साली ती रेषाच बंद झाली. कुंपण इतकं बेपत्ता झालं की रॉय मॉक्सहॅम नावाचा इंग्रज त्याचा माग काढत इथे वणवण फिरला, तेव्हा त्याला कुठे एखादा तुकडा सापडला. २००१ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. कमिशनर, हजारोंची फौज आणि साम्राज्याची तिजोरी पाठीशी असताना जे टिकलं नाही, ते चार माणसं आणि एका नळीवर टिकवायचा आमचा बेत आहे. एक फायदा आहे म्हणा: आमच्याकडून कोणाला काही लपवून न्यायचं नाही.

हे वाक्य लिहिलं खरं, पण ते पूर्ण सत्य नाही. पहाटे साडेपाचला कुंपणाजवळ उभे राहा. हातात पिशवी, काठीला वाकडी तार, पायात स्पोर्ट्स शूज. देवाला फुलं लागतात आणि देव कुंपण कोणाचं हे विचारत नाही. काटेकोरांटीची पिवळी फुलं सूर्य उगवायच्या आत संपतात. सूर्यपक्षी आठ वाजता येऊन रिकाम्या झुडपाभोवती फेऱ्या मारून जातो. खोकल्याची साथ आली की अडुळशाची पानं जातात. थंडी वाढली की निर्गुडी गुडघ्यांना बांधली जाते. आणि २०२० साली करोनाच्या काढ्यांपायी गुळवेलीची जी दशा शहरभर झाली, ती आमच्या कुंपणानेही सोसली. वेल मुळापासून ओरबाडली गेली. वन्यजीवांसाठी लावलेल्या कुंपणावर सगळ्यात जास्त चरणारा वन्यजीव ज्येष्ठ नागरिक हा आहे, ही गोष्ट पक्षिनिरीक्षकांच्या याद्यांत येत नाही.

वाघाटीचं तर विचारूच नका. आषाढी एकादशीचा उपास सोडायला द्वादशीला वाघाट्यांची भाजी करायची पद्धत आहे, आणि बाजारात वाघाटी मिळणं हल्ली मुश्कील. त्यामुळे वेलीला फळ धरल्यापासून तिच्यावर सहा कुटुंबांची पाळत असते. दुसरीकडे तिच्याच पानांवर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या गोतावळा करून बसतात आणि वेल बोडकी करतात. एका काकूंनी सरळ औषधाचा पंप आणला. बाई वेळेवर पोहोचल्या म्हणून अनर्थ टळला.

“अहो, सगळी पानं खाल्ली मेल्यांनी!”

“त्याचसाठी लावलीत.”

“खाऊन टाकण्यासाठी?”

“हो.”

काकूंनी बाईंकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माणूस शेजाऱ्याच्या मुलीने संन्यास घेतल्यावर बघतो. पण पान खाल्लेलं दिसणं हीच या कामाची पावती आहे, ही गोष्ट गळी उतरवायला सगळ्यात जास्त दिवस लागले. आपल्याला बागेत फुलपाखरू हवं असतं, अळी नको असते. भारद्वाजाचं दर्शन शुभ म्हणून हवं असतं. तो ज्या सापाच्या पिल्लांवर नि सरड्यांवर पोसला जातो, ते मात्र नको असतात. सकाळी सातभाई यावेत, पण कलकलाट करू नये. मुंगूस यावं आणि तोंड दाखवून परत जावं. थोडक्यात, निसर्गाने पाहुण्याच्या रीतीने फोन करून यावं.

साप आला तो चौथ्या पावसाळ्यात. नानेटी, हातभर लांबीची, बिचारी कुंपणातून निघून जिमच्या पायरीवर येऊन बसली. जिम रिकामी झाली; त्या दिवशी काही सभासदांनी ट्रेडमिलवर कधी गाठला नव्हता तो वेग गाठला. सर्पमित्र आला, त्याने बघितलं, म्हणाला, “बिनविषारी आहे, बेडूक खाते, हिला कुठे नेऊ? इथलीच आहे.” आणि उचलून पुन्हा कुंपणात सोडून गेला. तातडीची सभा बोलावण्यात आली. चेअरमननी जुनं इतिवृत्त मागवलं, चष्मा लावला आणि ‘शक्यतो बिनविषारी’ हा शब्दप्रयोग मोठ्याने वाचून दाखवला. ठरावाची अंमलबजावणी काटेकोर झाल्याचं निष्पन्न झालं. सोसायटीचा असा दुसरा ठराव कोणाला आठवेना.

आता कुंपण छातीपर्यंत आलं आहे. ड्युरांटाची उरलेली रांग फाटकाजवळ दहा फूट शिल्लक आहे, कारण तिथे कप ठेवायला लागतो अशी मागणी आली. बाकीच्या पट्ट्यात गेल्या वर्षी बुलबुलाची दोन घरटी आणि शिंप्याचं एक होतं. शिंप्याने शिवलेल्या पानांत वॉचमनच्या गणवेशाचा एक निळा धागा निघाला. गणवेशाची रक्कम संस्थेने भरावी की शिंप्याने, हा विषय पुढच्या सभेत आहे.

तुमच्या इमारतीला अशी एखादी ओळ लावायची असेल तर मे महिन्यात कामाला लागा. करवंदं पोटभर खा, पण बिया थुंका आणि त्याच आठवड्यात पिशव्यांत पेरा. सागरगोट्याची बी दगडावर घासून, रात्रभर पाण्यात भिजवून मग लावा. आज्ज्यांना देऊ नका. काटे सगळ्यांत पुढे ठेवा. पाचोळा जाळू नका, बुंध्याशी टाका. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार हे जूनच्या भाषणाआधी लिहून घ्या, सहीसकट. आणि झुडपांना कळी धरली की माळ्याला पगारी रजा देऊन गावाला पाठवा. जाताना त्याची कात्री तेवढी ऑफिसात जमा करून घ्या.